टेबलावरची गुराब : घरी घडवलेल्या युद्धनौकेत सुधारणा कशी करावी?

टेबलावर निळे कापड अंथरले, पुठ्ठ्याचे दोन-चार तुकडे बेटे म्हणून ठेवले आणि बोटभर लांबीची जहाजे मांडली की समुद्र तयार होतो. वाऱ्याची दिशा फासा ठरवतो, अंतर फूटपट्टी सांगते आणि तोफेचा गोळा लागला की नाही याचा निकाल नियमपुस्तिका देते. टेबलावरील आरमारी युद्धखेळ, म्हणजेच नेव्हल वॉरगेमिंग, हा छंद पाश्चात्त्य देशांत शतकाहून अधिक काळ रुजलेला आहे. शिडाच्या जहाजांच्या तयार प्रतिकृती घ्यायला गेले तर त्यांत ब्रिटिश, फ्रेंच आणि स्पॅनिश नौकांचाच भरणा आढळतो. ज्याला कान्होजी किंवा तुळाजी आंग्रे यांचे आरमार टेबलावर उतरवायचे आहे, त्याला बहुधा लाकूड, कागद आणि दोरा घेऊन मुळापासून सुरुवात करावी लागते.

अशा पहिल्या प्रयत्नात एक चूक हमखास होते. गुराब म्हणून जी नौका तयार होते, ती प्रत्यक्षात भगवे निशाण लावलेले छोटे युरोपीय जहाज असते. उंच नाळ, गोलाकार पुढचा भाग, दोन्ही कुशींना तोफांच्या रांगा असे तिचे रूप असते. दिसायला ती वाईट नसते. पण खेळात ती जहाजासारखे जहाज म्हणून लढते आणि अधिक तोफांच्या शत्रूपुढे दर वेळी हरते. पाहणाऱ्याला मग वाटते, की आंग्र्यांचे यश हा केवळ संख्येचा किंवा नशिबाचा भाग असावा. हा दोष खेळाडूचा नसून प्रतिकृतीचा असतो, आणि तो दुरुस्त करता येतो.

खेळण्याहून अधिक काही

लहान जहाजे टेबलावर सरकवून युद्धशास्त्राचा विचार करण्याची पद्धत जुनी आहे. स्कॉटलंडमधील जॉन क्लार्क ऑफ एल्डिन या गृहस्थांनी आरमारात कधीही नोकरी केली नव्हती. तरीही छोट्या प्रतिकृती टेबलावर मांडून त्यांनी ताफ्यांच्या हालचालींचा अभ्यास केला आणि १७८२ मध्ये आरमारी डावपेचांवरील आपल्या निबंधाच्या मोजक्या प्रती छापल्या. पुढे १८९८ मध्ये फ्रेड जेन यांनी इंग्लंडमध्ये आपला आरमारी युद्धखेळ प्रसिद्ध केला. जगातील युद्धनौकांची सचित्र माहिती देणारा त्यांचा विख्यात वार्षिक ग्रंथही त्याच वर्षी सुरू झाला.

दुसऱ्या महायुद्धात तर या खेळाने प्रत्यक्ष युद्धाला हात दिला. जानेवारी १९४२ मध्ये लिव्हरपूल येथे कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स यांच्या नेतृत्वाखाली एक डावपेच विभाग स्थापन झाला. ब्रिटिश नौदलातील तरुण महिला कर्मचाऱ्यांच्या साह्याने तेथे जमिनीवर खडूच्या रेषा आखून जर्मन पाणबुड्यांचे हल्ले पुन्हा पुन्हा खेळले गेले. त्यातून निघालेले डावपेच अटलांटिक महासागरातील व्यापारी ताफ्यांच्या रक्षणासाठी वापरण्यात आले. प्रतिकृती आणि नियम वस्तुस्थितीला धरून असतील तर खेळातून खरे उत्तर मिळू शकते, हा या उदाहरणांचा बोध होय. प्रतिकृती चुकली, तर उत्तरही चुकते.

गुराबेची ओळख

सुधारणा करण्यापूर्वी मूळ नौका कशी होती हे जाणून घेणे आवश्यक आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने आपल्या ग्रंथाच्या १७६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या खंडात आंग्र्यांच्या नौकांचे बारकाईने वर्णन केले आहे. तो शत्रुपक्षाचा असल्याने आंग्र्यांना चाचे म्हणतो. परंतु नौकांच्या बांधणीबाबतची त्याची माहिती प्रतिकृती घडवणाऱ्याला अत्यंत उपयोगी पडते.

या वर्णनानुसार गुराबेला सामान्यतः दोन, तर मोठ्या गुराबेला तीन डोलकाठ्या असत. तीन काठ्यांची गुराब सुमारे ३०० टनांची, तर दोन काठ्यांची १५० टनांपर्यंतची असे. लांबीच्या मानाने ती बरीच रुंद असून मध्यापासून टोकांकडे निमुळती होत जाई. ती अगदी उथळ पाण्यातही चाले. तिचे खरे वैशिष्ट्य पुढच्या टोकाला होते. युरोपीय जहाजासारखा उंच, गोलसर पुढचा भाग तिला नव्हता. भूमध्य समुद्रातील गॅली नौकेप्रमाणे एक लांब चोच पुढे आलेली असे. या चोचीवरील तक्तपोशी मुख्य तक्तपोशीच्या पातळीतच असे आणि दोहोंच्या मध्ये एक आडवी लाकडी भिंत असे. त्या भिंतीत पाडलेल्या झरोक्यांतून नऊ किंवा बारा पौंडी गोळ्यांच्या दोन तोफा थेट पुढे, चोचीवरून मारा करीत. दोन्ही कुशींच्या तोफा त्याहून हलक्या, म्हणजे सहा ते नऊ पौंडी असत.

आणखी एक तपशील फार बोलका आहे. चोचीच्या तक्तपोशीला कठडा नसे. समोरून येणाऱ्या लाटांवर गुराब जोराने वरखाली होई, तेव्हा चोचीवर आदळलेले पाणी विनाअडथळा वाहून जावे म्हणून तो भाग उघडा ठेवलेला असे.

गलबत हे याच धाटणीचे, पण लहान. मोठ्यातले मोठे गलबतही क्वचितच ७० टनांपेक्षा जास्त असे. त्याला दोन काठ्या असत. मागची अगदी किरकोळ, तर मुख्य काठीवर एकच भलेमोठे त्रिकोणी शीड असे आणि त्याचे टोक काठीच्याही बरेच वर जाई. बहुतेक गलबतांवर वजन कमी राहावे म्हणून बांबूच्या कामट्यांची तक्तपोशी असे. ४० ते ५० वल्ह्यांच्या जोरावर गलबत ताशी सुमारे चार मैल वेगाने जाऊ शके.

आधी तपासणी

जुनी प्रतिकृती मोडून टाकण्याची घाई करू नये. प्रथम ती हातभर अंतरावर ठेवून पाहावी, कारण खेळताना ती तेवढ्याच अंतरावरून दिसते. त्यानंतर खोलीत अंधार करून टेबललॅम्पच्या उजेडात तिची सावली भिंतीवर पाडावी. रंग, दोर आणि बारीक कलाकुसर सावलीत नाहीशी होते. उरतो तो केवळ आकार. त्या सावलीत नाळ उंच आणि बोथट दिसली, किंवा जहाजाचा पुढचा आणि मागचा भाग एका नजरेत ओळखता आला नाही, तर सुधारणा कोठून सुरू करायची हे स्पष्ट होते.

दुसरी तपासणी प्रमाणाची. शिडाच्या जहाजांच्या खेळात १:१२०० हे प्रमाण प्रचलित आहे. १:१००० आणि १:७०० या प्रमाणांतील खेळही उपलब्ध आहेत. १०० फुटी नौका १:१२०० प्रमाणात जेमतेम अडीच सेंटिमीटरची होते आणि चोच, झरोके, वल्ही हे तपशील त्यात हरवून जातात. घरी घडवण्यासाठी १:३०० हे प्रमाण सोयीचे पडते. या प्रमाणात मूळचा एक फूट म्हणजे जवळजवळ नेमका एक मिलिमीटर. साधी फूटपट्टी हेच मग मोजमापाचे कोष्टक होते. १०० फुटी गुराब दहा सेंटिमीटरची, ६० फुटी गलबत सहा सेंटिमीटरचे आणि साडेपाच फुटी खलाशी साडेपाच मिलिमीटरचा. जहाजाची कूस चार मिलिमीटरने उंच झाली असेल, तर प्रत्यक्षात ती चार फुटांनी उंच झाली, हे या हिशेबामुळे लगेच ध्यानात येते.

नाळेपासून सुरुवात

सर्वांत मोठा फरक पुढच्या भागाच्या दुरुस्तीने पडतो. बाल्सा लाकडाचा सांगाडा असेल तर काम सोपे आहे. पुढची डोलकाठी जेथे रोवली आहे, त्याच्या थोडे पुढे पेन्सिलीने आडवी रेघ मारून तेथून पुढचा गोलसर भाग करवतीच्या बारीक पात्याने कापून टाकावा. त्या जागी पाचरीच्या आकाराचा, पुढे निमुळता होत जाणारा लाकडाचा तुकडा पांढऱ्या डिंकाने चिकटवावा. त्याचा वरचा पृष्ठभाग मुख्य तक्तपोशीच्या पातळीत यायला हवा. वर उचललेली चोच आकर्षक दिसली तरी ती चूक आहे. डिंक रात्रभर वाळू द्यावा आणि नंतर सांधा पॉलिश पेपरने एकसारखा करावा.

कापलेल्या जागी आडवी भिंत उभी करण्यासाठी जुन्या पत्रिकेचा जाड पुठ्ठा पुरतो. उभी करण्यापूर्वीच तिच्यात दोन चौकोनी झरोके कापून घ्यावेत, कारण नंतर तेथे पाते पोहोचत नाही. आठ फुटी तोफ या प्रमाणात आठ मिलिमीटरची होते. तथापि तिचे केवळ तोंड बाहेर दिसत असल्याने टाचणीचा किंवा पितळी तारेचा तीन-चार मिलिमीटरचा तुकडा झरोक्यातून पुढे काढला की पुरे. या दोन तोफा कुशींच्या तोफांपेक्षा किंचित जाड ठेवाव्यात. कठडा भिंतीपाशीच थांबवावा आणि चोच पूर्ण उघडी ठेवावी.

त्यानंतर सांगाड्याकडे वळावे. खेळातील जहाजे पाण्याच्या रेषेपासून वरच दाखवली जातात. प्रतिकृती पाण्यावर फार उंच दिसत असेल तर सपाट फळीवर पॉलिश पेपर चिकटवून तिचा तळ त्यावर घासावा आणि उंची उतरवावी. रुंदी कमी पडत असेल तर दोन्ही कुशींना मधल्या भागात पातळ पट्ट्या चिकटवून टोकांकडे घासत न्याव्यात. १०० मिलिमीटर लांबीला २८ ते ३० मिलिमीटर रुंदी ठेवली की नौका भरीव दिसते. तक्तपोशीवर एकेक मिलिमीटर अंतराने पेन्सिलीच्या रेघा ओढल्या की फूटभर रुंदीच्या फळ्यांचा भास होतो. आइस्क्रीमच्या काड्या तासून खरी तक्तपोशी बसवण्याचा मोह होतो. मात्र त्या जाड असल्याने प्रमाण बिघडते.

डोलकाठ्या, दोर आणि शिडे

डोलकाठीसाठी बाल्सा वापरू नये. खेळताना पहिला हात तिलाच लागतो. बांबूची काडी तासून, वर निमुळती करून वापरावी. तिच्या बुडात टाचणीचा तुकडा बसवून तो सांगाड्यात रोवला म्हणजे काठी धक्का सहन करते.

दोरांच्या बाबतीत उत्साह आवरता घ्यावा. एक इंच जाडीचा दोर १:३०० प्रमाणात मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही बारीक होतो. शिवणाचा बारीक दोराही त्यापेक्षा जाड असतो. प्रत्येक दोर दाखवायला गेले तर जहाजावर जाळे टाकल्यासारखे दिसते. प्रत्येक काठीला दोन्ही बाजूंनी आधार देणारे मोजके ताण पुरेत. दोऱ्याला मेण लावून घ्यावे म्हणजे त्याचे तंतू उभे राहत नाहीत.

शिडांसाठी पातळ कागद उत्तम. डिंकाच्या पातळ पाण्यात तो ओला करून एखाद्या बाटलीच्या अंगावर वाळवला की वाऱ्याने फुगल्याची गोलाई त्यात टिकते. एखादी गुराब मात्र शिडे गुंडाळलेल्या स्थितीत ठेवावी. याचे कारण डावपेचांशी निगडित आहे. वारा पडला की गलबते गुराबेला दोर बांधून वल्ह्यांच्या जोरावर शत्रूकडे ओढत नेत. शिडांवर अवलंबून असलेले युरोपीय जहाज जागीच अडकलेले असताना गुराब मात्र पुढे सरकत असे.

गलबतांची जोड

त्यामुळे एकट्या गुराबेची सुधारणा अपुरी ठरते. तिच्यासोबत गलबते हवीतच. ऑर्मच्या माहितीनुसार आंग्र्यांच्या मुख्य ताफ्यात ८ ते १० गुराबा आणि ४० ते ५० गलबते असत. घरच्या टेबलावर दोन गुराबा आणि चार गलबते पुरेशी आहेत.

वल्ही ही गलबताची सर्वांत नाजूक बाजू. ५० वल्ह्यांच्या गलबताला प्रत्येक कुशीस २५ वल्ही येतात. दोन-दोन मिलिमीटर अंतर ठेवले तर त्यांना सुमारे पाच सेंटिमीटर जागा लागते आणि सहा सेंटिमीटरच्या नौकेत ती नेमकी बसते. कपड्यांच्या ब्रशचे ताठ केस यासाठी योग्य होत. ते सुटे न चिकटवता प्रथम कागदाच्या अरुंद पट्टीवर ओळीने बसवावेत आणि मग संपूर्ण पट्टी कठड्याच्या आतून लावावी. वल्ह्यांची टोके खालच्या बैठकीला चिकटवली की ती मोडत नाहीत. मोठे त्रिकोणी शीड काठीच्या टोकापेक्षा उंच जाईल, याची काळजी घेतली म्हणजे गलबताची सावली गुराबेपासून सहज वेगळी ओळखता येते.

बैठक आणि नियम

प्रतिकृती ज्या चौकोनी बैठकीवर चिकटवली जाते, ती निव्वळ शोभेची नसते. अंतर तिच्या कडेपासून मोजतात आणि तोफांच्या माऱ्याचे कोन तिच्यावरच आखतात. दोन मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा किंवा अ‍ॅक्रिलिकची पट्टी घेऊन तिच्याखाली लोखंडी वॉशर चिकटवला तर जहाज कलंडत नाही. टिश्यू पेपर डिंकाने सुरकुत्या पाडून लावला की लाटा तयार होतात. समुद्राचा रंग गडद निळ्याऐवजी हिरवट करडा ठेवावा. कोकण किनाऱ्यालगतच्या पाण्याला तो शोभतो. जहाजाला सागवानी तपकिरी रंगाचा पातळ हात देऊन खाचांमध्ये गडद रंग उतरवावा.

गुराबेच्या बैठकीवर पुढच्या तोफांसाठी मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना १५ अंशांचा अरुंद कोन आखावा आणि कुशींच्या तोफांसाठी स्वतंत्र, रुंद कोन ठेवावा. बांधणीतील वैशिष्ट्ये येथे नियमांत उतरतात. पुढच्या तोफांचा मारा अधिक वजनाचा मानावा. समोरून लाटा येत असतील, तर नौका वरखाली होते म्हणून त्याच तोफांची अचूकता निम्मी करावी. उथळ पाण्यात गुराबेला मुभा, तर मोठ्या युरोपीय जहाजाला मज्जाव असावा. वल्ह्यांवर चालणाऱ्या गलबताचा ताशी चार मैलांचा वेग म्हणजे मिनिटाला सुमारे १०७ मीटर. टेबलावरील एक सेंटिमीटर म्हणजे दहा मीटर अंतर आणि एक डाव म्हणजे एक मिनिट मानले, तर गलबत एका डावात पावणेअकरा सेंटिमीटर सरकेल. गुराब ओढत असताना हा वेग अर्थातच घटवावा.

कसोटी

सुधारणा साधली की नाही, हे ठरवण्याचा मार्ग सोपा आहे. तीच लढाई दोनदा खेळावी, एकदा जुन्या प्रतिकृतीने आणि एकदा नव्या. समोर एकच मोठे युरोपीय जहाज ठेवावे. जुनी गुराब बाजूने भिडते, कारण तिच्या तोफा बाजूलाच आहेत. शत्रूच्या कुशीतील संपूर्ण रांग तिच्यावर धडाडते आणि खेळ आटोपतो. नवी गुराब मात्र खेळाडूला आपोआप शत्रूच्या मागे नेते. युरोपीय जहाजाच्या मागच्या बाजूस तोफा मोजक्याच असत. तेथून पुढच्या दोन तोफांनी डोलकाठ्या आणि शिडे मोडायची, शत्रू पांगळा झाला की सर्व बाजूंनी जवळ यायचे आणि शेवटी गलबतांतील माणसांनी त्याच्यावर चढून जायचे, ही आंग्र्यांच्या दर्यावर्दींची नोंदली गेलेली रीत होती. १७५४ मध्ये तुळाजी आंग्र्यांच्या ताफ्याने ५०, ३६ आणि १८ तोफांच्या तीन डच जहाजांशी लढून त्यांतील दोन मोठी जाळली आणि तिसरे पकडले. टेबलावर नव्या प्रतिकृतींनी हा प्रसंग खेळून पाहिला, की त्यामागची पद्धत उलगडू लागते.

खेळातून याच पद्धतीची मर्यादाही कळते. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर हल्ला केला, तेव्हा पेशवे इंग्रजांच्या बाजूस होते. तुळाजींचा ताफा किल्ल्याच्या आश्रयाने बंदरात दाटीने उभा होता. एका जहाजाला लागलेली आग पसरत गेली आणि ताफा जळून गेला. पुढच्या तोफा, उथळ तळ, वल्ह्यांचा वेग यांपैकी कशाचाही उपयोग नांगरलेल्या अवस्थेत नव्हता. प्रतिकृती बंदरात खेटून मांडल्या, की मोकळ्या समुद्रात जे सामर्थ्य होते ते तेथे का कामी आले नाही, हे दोन-तीन डावांतच दिसून येते.

मुंबईतील नौदलाच्या एका तळाला १९५१ पासून ‘आयएनएस आंग्रे’ हे नाव आहे. कान्होजींचे नाव त्यामुळे सर्वपरिचित राहिले. त्यांच्या नौका कशा होत्या आणि कशा लढत, हे मात्र तितकेसे ठाऊक नसते. लाकडाची एक पाचर, पुठ्ठ्याची एक भिंत आणि टाचणीचे दोन तुकडे एवढ्या साहित्यानिशी ते घरच्या टेबलावर समजून घेता येते. त्यासाठी एक आठवडाअखेर पुरतो. डिंक वाळायला मात्र रात्रभर थांबले पाहिजे.